हुरडा, आगटी आणि आपण

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले तेव्हा विषयांची वाटणी झाली. पाककृती, ओव्या, आरोग्य हे सारे भराभर उचलले गेले आणि माझ्या वाट्याला 'गावाकडचा इतिहास' आला. इतिहास म्हटला की आपल्या बीबीच्या माणसाची नजर एका बाजूला सिंदखेड राजाकडे जाते, दुसऱ्या बाजूला लोणारच्या सरोवराकडे. ती जावीच. परंतु त्या दोन्हींविषयी पुष्कळ जाणत्यांनी लिहिले आहे. मी लिहिणार आहे ती हुरड्याविषयी, आणि हुरड्याच्या निमित्ताने आपल्या बायकांविषयी. हा विषय ऐकून दोघीतिघी हसल्या. हुरडा ही काय इतिहासात घालावयाची वस्तू आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मला वाटते, आहे.

पौषाची थंडी उतरणीला लागते, उन्हाला जरा धार येते, पण सकाळी अंगावरची शाल अजून टाकवत नाही, असे जे पंधरावीस दिवस येतात ते हुरड्याचे दिवस. संक्रांत झालेली असते किंवा व्हावयाची असते. भोगीच्या दिवशी वांगी, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, बोरे असे वावरात जे जे असेल ते एका भाजीत पडते आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. रथसप्तमीला अंगणात तुळशीपुढे गोवऱ्यांवर दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. नीट पाहिले तर या महिनाभरात आपला विस्तव हळूहळू घराबाहेर पडतो. चुलीवरून अंगणात येतो, अंगणातून वावरात जातो. हरभरा घाट्यांसकट भाजून हुळा होतो, गव्हाच्या ओंब्या भाजतात, तुरीच्या ओल्या शेंगा मडक्यात शिजतात, भरताची वांगी आरावर पडतात. या सगळ्यांत मानाचे स्थान मात्र ज्वारीच्या हुरड्याचेच.

हुरडा म्हणजे काय हे बीबीत सांगणे म्हणजे लोणारकराला सरोवर सांगणे. तरी शहरांत वाढलेल्या नव्या सुनांसाठी थोडक्यात लिहिते. कणसात दाणा भरतो तेव्हा आधी त्यात पांढरा चीक असतो, मग तो घट्ट होऊ लागतो, आणि शेवटी दाणा वाळून कडक होतो. चीक घट्ट होत आला, पण दाणा नखाने अजून दबतो, अशा वेळी त्यात साखरेचा अंश चांगला असतो. पुढे तीच साखर पिठूळ होऊन बसते आणि दाणा निबर होतो. म्हणजे गोडी आठदहा दिवसांचीच. त्या दिवसांत वावराच्या कडेला हातभर रुंद, वीतभर खोल खळगा खणून त्यात गोवऱ्या पेटवावयाच्या. हीच आगटी. धूर सरून लाल आर उरला की कणसे त्यात खुपसून फिरवीत राहावयाचे. भाजलेले कणीस हातावर घेतले की चटका बसतो, म्हणून खाली पोत्याचा तुकडा धरून ते चोळावयाचे, सुपात पाखडून फुंकर मारावयाची, की हिरवागार, वाफाळलेला दाणा पुढे येतो. सोबत जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, लसणीचा ठेचा, गूळ, दही. वर ताक. एवढेच जेवण.

कोणतीही ज्वारी हुरड्याला चालत नाही. दाणा भोंडातून चटकन सुटला पाहिजे आणि गोड असला पाहिजे. म्हणून आपल्या जुन्या माणसांनी त्यासाठी वेगळे वाण राखले होते. सुरती, गूळभेंडी, कुचकुची ही नावे वयस्क बायकांच्या तोंडी अजून आहेत. आपल्या वऱ्हाडात तर हुरड्याच्या ज्वारीला नुसते 'वाणी' म्हणतात. मोठ्या वावरात चार तास वाणीचे पेरण्याची रीत होती. तिला बाजारात किंमत नव्हती. ती घरच्यांसाठी, लेकीबाळींसाठी आणि वाटेने जाणाऱ्यासाठी असे.

आता इतिहास. ज्वारी मूळची आपली नव्हे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. पुराणवस्तुसंशोधकांना तिच्या लागवडीचा सर्वांत जुना पुरावा आफ्रिकेत, पूर्व सुदानात मिळाला आहे, आणि तो इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा आहे. तेथून समुद्रमार्गाने ती भारतात आली. संस्कृतात तिला 'यावनाल' म्हणतात, त्या नावातच परदेशाचा वास आहे. पण आपली काळी जमीन तिला अशी मानवली की दख्खनचे ती मुख्य अन्न होऊन बसली. अकबराने १५९६ मध्ये वऱ्हाड घेतले आणि मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ जानेवारी १५९८ रोजी, सिंदखेडला लखुजी जाधवरावांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला. तिथी पौष पौर्णिमेची. आज त्या जन्मोत्सवाला आपल्या रस्त्याने गाड्यांची रांग लागते, तेव्हा माझ्या मनात येते की ते दिवस ऐन हुरड्याचे. जाधवरावांच्या पदरी मनसब होती, वाडा होता, पण वाड्याबाहेरच्या वावरांत त्या पौषातही आगट्या पेटत असणारच. बखरकारांनी त्याची नोंद केली नाही, करण्याचे कारणही नव्हते.

ज्वारीचा इतिहास बाईच्या हातांनी लिहिला आहे, असे मी म्हणते ते उगाच नव्हे. कणीस खुडणे, वाळवणे, उफणलेले पाखडणे, कणगीत भरणे, तिला कीड लागू न देणे, पहाटे उठून जात्यावर दळणे, पीठ चाळणे, मळणे, थापणे, भाजणे. एक भाकरी ताटात पडेपर्यंत दाण्याला बाईच्या हातून इतक्या वेळा जावे लागते. गव्हाचे पीठ चार दिवस टिकते, ज्वारीचे शिळे पीठ भाकरीला चिरा पाडते, म्हणून दळण जवळजवळ रोजचे. माझ्या सासूबाई सांगत की त्यांनी लग्नानंतर कितीतरी वर्षे उगवता सूर्य जात्यावरूनच पाहिला. पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या तेव्हा गिरणीच्या पिठाला चव नाही अशी तक्रार पुरुषांनी केली. बायकांनी केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता हुरड्याकडे पाहा. वर्षभरात ज्वारीचा हा एकच घास असा आहे, जो जाते, परात आणि तवा यांना वगळून थेट तोंडात जातो. मळणी नाही, दळण नाही, थापणे नाही. त्या दुपारी चूल पेटत नाही. आगटीपाशी बहुधा घरचा सालदार नाहीतर एखादा दीर बसतो, आणि जी माउली एरवी सर्वांची ताटे झाल्यावर उरलेसुरले खाते तिच्याही हातावर गरम दाणा सर्वांबरोबर पडतो. कारण हुरडा थांबत नाही, निवला की त्याची गंमत गेली. मागाहून जेवण्याची सोयच त्यात नाही! आपल्याकडे वावरात रोडगे करतात तेव्हाही पुष्कळदा हेच होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरणे, वरण आणि वांग्याची भाजी मोठ्या पातेल्यात करणे, ही कामे पुरुषमंडळी मोठ्या हौसेने करतात. विस्तव घराबाहेर गेला की स्वयंपाक करणारा बदलतो, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे. त्याचे कारण कोणी शोधून काढावे. अर्थात हे चित्र फार गोड करून सांगण्यातही अर्थ नाही. हुरड्याबरोबरच्या चार चटण्या आदल्या रात्री पाट्यावर कोण वाटीत असे, ते आपल्याला ठाऊक आहेच. दही कोणी लावले, ताक कोणी घुसळले, तेही ठाऊक आहे.

दुसरीही एक बाजू आहे. ज्यांच्या घरी वावर होते त्यांचा हुरडा हा सण होता. ज्यांच्या घरी नव्हते, त्यांच्या घरची मागल्या सालची ज्वारी पौषापर्यंत संपत आलेली असे. त्यांना कणीस पिकेपर्यंत थांबणे परवडत नसे. कोवळा दाणा भाजून खाणे ही त्यांची गरज होती. मजुरीला आलेल्या बाईच्या ओटीत चार कणसे घालण्याची चाल होती, ती दानत म्हणूनही होती आणि ती चार कणसे तिच्या घरची रात्र काढतील हे सर्वांना कळत होते म्हणूनही होती. हुरड्याचा जन्म हौसेतून झाला की भुकेतून, असे मला कोणी विचारले तर मी भुकेतून म्हणेन. हौस मागाहून आली.

वऱ्हाडातली ज्वारी पहिल्यांदा हलली ती कापसाने. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी मलकापूर, शेगावच्या वाटेने नागपूरपर्यंत पोहोचली. खामगावच्या कापूस बाजाराचे नाव दूरवर झाले. सारा रोख भरावयाचा, म्हणून रोख आणणारे पीक हवे, असा तो हिशेब होता. तरीही १९१० साली निघालेल्या बुलढाणा जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या वेळी जिल्ह्यात कापूस आणि ज्वारी हीच दोन मुख्य पिके होती. कापूस विकावयाचा आणि ज्वारी खावयाची, अशी वाटणी होती. बायकांच्या दृष्टीने यात एक गोष्ट घडली. कापसाची वेचणी हे बाईचे काम, आणि ती नेमकी हिवाळ्यात. त्यामुळे हुरड्याच्या दिवसांत गावच्या बायका कमरेला ओटी बांधून वेचणीच्या वावरांतच असत, आणि दुपारच्या सुटीत शेजारच्या धुऱ्यावर आगटी पेटे. हुरडा हा पाहुण्यांचा राहिला नाही, तो वेचणाऱ्या बायकांचाही झाला. हे कापसाचे श्रेय म्हणावे लागेल.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाडाने फार सोसले. त्यांविषयी स्वतंत्रच लिहावे लागेल. आपल्या आठवणीतला दुष्काळ १९७२ चा. मंडळातल्या वडीलधाऱ्या बायकांपैकी कित्येकींनी त्या साली रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली आहे, लेकराला झाडाच्या सावलीत झोळीत ठेवून. कामावर सुकडी मिळे आणि दुकानात 'मिलो' नावाची परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिच्या भाकरीची आठवण निघाली की आजही त्या बायका तोंड वाकडे करतात. ज्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकवली त्या मुलखाच्या बाईने परक्या देशाच्या ज्वारीसाठी रांगेत उभे राहावे, यासारखे दैव नाही. त्या सालच्या हिवाळ्यात आगट्या पेटल्या नाहीत. भाजायला कणीसच नव्हते.

पण ज्वारी गेली ती दुष्काळाने नव्हे, सुकाळाच्या धडपडीत गेली. १९६४ साली 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी आली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, धान्याची टंचाई मोठी होती, आणि या बियाण्याने पोती दुपटीने भरली हे नाकारता येणार नाही. त्या पोत्यांनी पुष्कळांची पोटे भरली. मात्र तिची गोष्ट वेगळी होती. आपली जुनी खरिपाची ज्वारी उंच, सावकाश वाढणारी. पाऊस संपल्यावर, थंडी पडल्यावर तिचा दाणा भरे, म्हणून तिचा हुरडा कार्तिकापासून पुढे थंडीत चाले, आणि रब्बीच्या ज्वारीचा पौष-माघात. संकरित ज्वारी शंभर-सव्वाशे दिवसांत उरकते. तिचा दाणा भरतो तेव्हा परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो. पावसात सापडली की काळी पडते, आणि काळ्या ज्वारीला भाव नाही. तिचा हुरडा कोणी करू पाहिला तर भोंड सुटत नाही, गोडीही बेताचीच. म्हणजे पोते भरले आणि थंडीतली दुपार गेली.

पुढचे आपल्या डोळ्यांदेखत घडले. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या विकल्या, मग कडब्याची गरज उरली नाही. ज्वारी पेरण्याचे अर्धे कारण कडबा होते. स्वस्त धान्याच्या दुकानात गहू-तांदूळ मिळू लागले. १९९० नंतर सोयाबीन आले आणि बघता बघता खरीप त्याने व्यापला. मग एक नवाच पेच पडला. शिवारभर ज्वारी होती तेव्हा पाखरे सगळ्यांच्या वावरांत वाटली जात. एकट्याने अर्धा एकर पेरली तर सबंध पंचक्रोशीची पाखरे त्याच्यावरच उतरतात. गोफण घेऊन माळ्यावर बसणारी पोरे आता शाळेत जातात, ते योग्यच आहे. रात्री रोही आणि रानडुकरे. असे करता करता एकेकाने ज्वारी सोडली, आणि प्रत्येकाने सोडल्यामुळे पुढच्याला ती ठेवणे जड झाले.

आणि गंमत अशी, की शिवारातून हुरडा गेला तोच शहरात त्याचे नाव झाले. आता माणशी पैसे मोजून हुरडा पार्ट्या होतात. त्यांत झोका असतो, बैलगाडीचा फेरा असतो, गाणीबजावणी असते. मला त्याचा राग नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर मिळावेत. हे आपल्याच देशात घडते असेही नाही. माझी भाची कॅनडात क्वेबेक प्रांतात राहते. तिकडे हिवाळ्याच्या शेवटी, रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते अशा दिवसांत, मेपलच्या झाडांना भोक पाडून त्यांचा रस काढतात. तो उघड्यावर आटवून पाक करतात. चाळीस लिटर रस आटला की जेमतेम लिटरभर पाक! गरम पाक ताज्या बर्फावर ओतला की त्याची चिक्की होते, ती पोरे काडीला गुंडाळून खातात. युरोपातून लोक येण्याच्या आधीपासून तेथील मूळ रहिवाशांना ही विद्या अवगत होती. आता शहरातली कुटुंबे तिकिटे काढून त्या रानातल्या पाकघरांत जेवावयास जातात. भाचीने हे पत्रातून कळविले तेव्हा मला अगदी आपल्या आगटीची आठवण झाली. थंडीचा शेवट, उघडा विस्तव, थोड्या दिवसांचा गोडवा, हे सारे तेच. एक फरक मात्र आहे. त्यांची झाडे जागेवर उभी आहेत. आपले पीक दरसाल पेरावे लागते, आणि बियाणे एक साल चुकले, दोन साल चुकले, की संपले.

म्हणून मला काळजी आहे ती पार्टीची नव्हे, बियाण्याची. पोत्यातले धान्य कारभारी विकतो, पण पुढल्या सालच्या बियाण्याचे कणीस निवडणे हे काम बाईचे. भरदार कणीस पाहून ते वेगळे ठेवायचे, चुलीच्या धुरात आढ्याला टांगायचे, राख लावून मडक्यात भरायचे, आणि लेक सासरी जाताना ओटीत मूठभर द्यायचे. गूळभेंडी एका गावाहून दुसऱ्या गावी अशीच गेली असणार. बियाणे दुकानातून येऊ लागले त्या दिवशी हा अधिकार आपल्या हातून गेला. त्याची दवंडी कोणी पिटली नाही.

विद्यापीठांनी हे ओळखले आहे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले. त्याने हुरड्यासाठी 'कार्तिकी' हा वाण दिला आहे. राहुरीचा 'फुले उत्तरा' आणि परभणीचा 'परभणी वसंत' हेही हुरड्याचेच. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ज्वारीची भाषणे पुष्कळ झाली. भाषणांनी कणीस भरत नाही, पण त्या निमित्ताने बियाणे मिळणे सोपे झाले असेल तर आपण त्याचा लाभ का घेऊ नये?

मंडळाच्या बैठकीत मी जे मांडणार आहे ते येथेच लिहून ठेवते. ज्यांच्या घरी वावर आहे अशा आपल्या सभासद भगिनींपैकी निदान दहाजणींनी येत्या रब्बीत एकाच पट्ट्यात, एकमेकींच्या धुऱ्याला धुरा लागून, चार-चार तास ज्वारीचे पेरावेत. एकटीने पेरले तर पाखरे सोडणार नाहीत, दहाजणींनी पेरले तर राखणीची पाळी लावता येईल. तोपर्यंत प्रत्येकीने आपल्या माहेरी चौकशी करावी. कोणाच्या आढ्याला, कोणाच्या मडक्यात जुन्या वाणीचे एखादे कणीस उरले असेल तर ते मागून आणावे, त्याच्या चिठ्ठीवर वाणाचे नाव आणि गावाचे नाव लिहावे, आणि मंडळाच्या कपाटात ठेवावे. उत्तरा नक्षत्र सरून हस्त लागण्याच्या सुमारास पेरा करावा लागतो, म्हणजे भाद्रपदापर्यंत बियाणे हाती हवे. ज्यांना माहेरी जाणे होणार नाही त्यांनी पोळ्याच्या आधी माझ्याकडे नाव द्यावे, अकोल्याहून बियाणे आणावयाचे असल्यास किती लागेल त्याचा अंदाज येईल.